मराठा खंदक आणि ‘बर्गी’ शब्द

कोलकात्याच्या उत्तर भागात बागबाजार नावाची जुनी वस्ती आहे. तेथील एका गल्लीचे नाव ‘मराठा डिच लेन’ असे आहे. डिच म्हणजे खंदक. घरापासून इतक्या दूर, गंगेच्या काठी, आपल्या नावाची पाटी दिसली की मराठी माणसाला क्षणभर बरे वाटते. काशीला आपल्या लोकांनी बांधलेले घाट आहेत, तंजावरला आपल्या राजांचा ग्रंथसंग्रह आहे. तसेच येथेही काही असेल, असे त्याच्या मनात येते. पण खंदक हा काही घाट नव्हे, की ग्रंथालय नव्हे. हा खंदक मराठ्यांनी खणलेला नाही. मराठे येऊ नयेत म्हणून तो कलकत्त्याच्या लोकांनी खणला होता.

तो खंदक आता राहिलेला नाही. ज्या भीतीपोटी तो खणला गेला त्या भीतीचे नाव मात्र बंगाली भाषेत अजून शिल्लक आहे. ते नाव म्हणजे ‘बर्गी’. बंगालमध्ये मुलांना निजवताना आया जे सर्वांत प्रसिद्ध गाणे म्हणतात, त्यात हे बर्गी येतात. पाळण्यात कानी पडलेला हा शब्द माणूस जन्मभर विसरत नाही. आज मला या एका शब्दाविषयी आणि बंगाली घरात त्याच्याशेजारी नांदणाऱ्या काही सारख्या दिसणाऱ्या शब्दांविषयी बोलावयाचे आहे.

शब्दांचे कूळ शोधताना पहिला धडा हा शिकावा लागतो की, दिसण्यातले साम्य म्हणजे नाते नव्हे. आपल्याच भाषेतले उदाहरण घेऊ. स्थानकावर उभा असलेला एखादा गृहस्थ मुलाला म्हणतो, “बस आली. बस आत. आता बडबड बस.” तीन वाक्यांत ‘बस’ हा शब्द तीनदा आला, पण ते तीन निरनिराळे शब्द आहेत. ‘बस आत’ यातला ‘बस’ संस्कृतातल्या ‘उपविश्’ धातूपासून प्राकृतातून आला. जुन्या मराठीतले त्याचे ‘बैस’ हे रूप आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होते. ‘बडबड बस’ यातला ‘बस’ फारसी आहे. त्याचा अर्थ पुरे. आणि रस्त्यावरून धावते ती बस इंग्रजीतून आली. ती मूळच्या ‘ओम्निबुस’ या लॅटिन शब्दाची नुसती शेपटी आहे. त्या शब्दाचा अर्थ ‘सर्वांसाठी’. हे तीन शब्द तीन दिशांनी चालत आले आणि मराठीच्या चावडीवर एकाच वेषात उभे राहिले. कोशकार अशा वेळी प्रत्येकाला वेगळा क्रमांक देतो आणि वेगळ्या ओळीत बसवतो. बोलणाऱ्याला ते भान ठेवण्याचे कारण पडत नाही.

आता असेच एक बंगाली कुटुंब डोळ्यांपुढे आणा. उत्तर कोलकात्यातले जुने दुमजली घर आहे. छताला आडव्या जाड तुळया आणि त्यांवर जवळजवळ बसवलेल्या बारीक कड्या आहेत. अशा छताला बंगालीत ‘कडी-बरगा’ म्हणतात. त्याखाली आजी नातवाला बर्गींचे गाणे म्हणून निजवते आहे. शेजारी थोरला नातू गणित करतो आहे. तो ‘बर्ग’ आणि ‘बर्गमूल’ काढतो आहे, म्हणजे आपण ज्याला वर्ग आणि वर्गमूळ म्हणतो ते. आणि घराण्याची थोडी शेती गावी ‘बर्गा’ने दिलेली आहे, म्हणजे अर्धलीने, पिकाच्या वाट्यावर. एकाच छपराखाली बरगा, बर्गी, बर्ग आणि बर्गा असे चार शब्द नांदत आहेत. परक्याला वाटावे की हे सगळे एकाच मुळापासून फुटले असतील.

गणितातला ‘बर्ग’ सर्वांत सरळ आहे. तो संस्कृत ‘वर्ग’. बंगालीत व आणि ब यांचा उच्चार एकच झाला आणि अक्षरही एकच उरले. तेथील मुले मुळाक्षरे शिकताना दोन ‘ब’ शिकतात. आकार तोच, उच्चार तोच. फक्त एकाला ‘अंतःस्थ ब’ म्हणावयाचे आणि दुसऱ्याला ‘बर्गीय ब’, म्हणजे पवर्गातला. शाळेच्या पहिल्याच पुस्तकात ‘बर्गीय’ हा निरुपद्रवी शब्द भेटतो आणि पाळण्यात ‘बर्गी’ हा भयंकर शब्द भेटतो. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

छतावरचा ‘बरगा’ समुद्रावरून आला. पोर्तुगीज भाषेत ‘वेर्गा’ म्हणजे काठी, दांडा, जहाजाच्या डोलकाठीवरचे आडवे लाकूड. हुगळीच्या काठी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांनी वसाहत केली. शाहजहानच्या फौजेने १६३२ साली ती घेतली. वसाहत गेली, तरी त्यांचे शब्द बंगाली घरात कायमचे राहिले. खिडकीला बंगाली माणूस ‘जानाला’ म्हणतो, कुलपाच्या किल्लीला ‘चाबी’, खिळ्याला ‘पेरेक’, गुंडीला ‘बोताम’. हे सारे पोर्तुगीज आहेत. आपली ‘चावी’ आणि आपला ‘मेस्त्री’ त्याच जहाजातून उतरले, फक्त पश्चिम किनाऱ्यावर. लिस्बन येथे १७४३ साली मानुएल द अस्सुंपसाँ या पाद्र्याने रचलेला बंगाली-पोर्तुगीज शब्दसंग्रह रोमन अक्षरांत छापला गेला. बंगाली शब्दांचा हा पहिला छापील संग्रह. ते वर्ष लक्षात ठेवा. त्याच सुमारास बंगालच्या पश्चिम सरहद्दीवरून दुसरी एक शब्दसंपत्ती घोड्यावर बसून येत होती.

शेतीतला ‘बर्गा’ हा वाट्याचा शब्द. त्याच्या मुळाविषयी जाणकारांत एकमत नाही. पण त्याने बंगालच्या इतिहासात मोठे काम केले आहे. वाट्याने जमीन कसणारा तो ‘बर्गादार’. १९४६-४७ साली पिकाचे दोनतृतीयांश आपल्या घरी यावे म्हणून या कुळांनी ‘तेभागा’ चळवळ केली. १९७८ साली पश्चिम बंगाल सरकारने त्यांची नावे सरकारदप्तरी नोंदवण्याची मोहीम हाती घेतली, तिलाही ‘ऑपरेशन बर्गा’ असेच नाव मिळाले. एका बर्गीने पीक नेले म्हणून आजी गाते आणि दुसऱ्या बर्ग्यात पीक न्यायाने वाटून घ्यावे म्हणून नातू भांडतो. भाषेच्या अशा योगायोगांना अर्थ नसतो, पण ते मनाला चाटून जातात.

आता उरला तो आपला ‘बर्गी’.

हा शब्द मूळचा ‘बारगीर’. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे. किराणा दुकानातल्या ‘बारदाना’त तोच ‘बार’ आहे. ‘गीर’ म्हणजे घेणारा. ‘जहाँगीर’ म्हणजे जग घेणारा, तसा बारगीर म्हणजे ओझे घेणारा. फारसीत तो शब्द मुळात ओझ्याच्या जनावराचा होता. हिंदुस्थानात येताना तो घोड्यावरून स्वाराकडे गेला आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसून चाकरी करणाऱ्या शिपायाला लोक बारगीर म्हणू लागले. मराठी कारभारात त्याचा अर्थ अगदी काटेकोर होता. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचे तो शिलेदार; ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो बारगीर. शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे पाणी देणारा पखालजी आणि नाल ठोकणारा नालबंद. शिलेदारापेक्षा बारगिरावर महाराजांचा भर अधिक, कारण घोडा सरकारचा असला म्हणजे माणूसही शिस्तीत राहतो. मराठी कानाला ‘बारगीर’ हा शब्द असा आहे : हुकमात वागणारा, पागेतला, पगारी माणूस.

शब्दाचे ‘बर्गी’ हे आखूड रूपही दक्षिणेतच तयार झाले. विजापूरच्या दरबारी इतिहासांत हलक्या मराठी घोडदळाला ‘बर्गी’ म्हटलेले आढळते. मलिक अंबरने मोगलांना जेरीस आणले त्या गनिमी काव्यालाही फारसी लेखक ‘बर्गीगिरी’च म्हणत. तेव्हा हा शब्द बंगाल्यांनी रागाने घडवला असे नाही. त्यांनी तो आयता घेतला. मात्र त्यात जे भरले, ते त्यांचे स्वतःचे होते.

१७४२ सालच्या एप्रिलमध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचा दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन वर्धमानजवळ उतरला. चौथाईची मागणी होती. बंगालचा नवाब अलीवर्दीखान ओडिशाहून परतत असता वाटेत कोंडला गेला आणि मोठ्या हालांनी काटव्यास पोहोचला. मीर हबीब नावाचा एक मातब्बर सरदार मराठ्यांना येऊन मिळाला आणि त्याच्या सल्ल्याने मे महिन्यात खुद्द मुर्शिदाबादेवर धाड पडली. जगतसेठाची पेढी लुटली गेली. भास्कररामाने काटव्याजवळ तळ ठेवला आणि शरद ऋतूत तेथेच थाटाने दुर्गापूजा मांडली. पूजेच्या त्या दिवसांतच, २७ सप्टेंबरला, अलीवर्दीने नदी ओलांडून पहाटे छापा घातला आणि मराठ्यांना पूजा टाकून निघावे लागले.

पुढल्या वर्षी रघुजी स्वतः आला आणि त्याच्या मागोमाग बाळाजी बाजीराव पेशवेही आले. ते आले बादशहाच्या सांगण्यावरून, नवाबाच्या बाजूने, रघुजीला हटवण्यासाठी. त्याबद्दल नवाबाने शाहू महाराजांची चौथाई कबूल केली आणि पेशव्यांना बावीस लाख रुपये दिले. एक मराठी फौज लुटण्यासाठी आणि दुसरी तिच्यापासून रक्षण करण्याचे मोल घेण्यासाठी. बंगालच्या शेतकऱ्याला दोन्हींचा खर्च सारखाच पडला. १७४४ च्या मार्चअखेर अलीवर्दीने भास्कररामाला वाटाघाटीसाठी मानकऱ्याच्या छावणीत बोलावले आणि तंबूत त्याचा वीसेक सरदारांसह खून केला. त्यानंतर स्वाऱ्या वर्षामागून वर्ष चालू राहिल्या आणि अखेर १७५१ च्या तहाने थांबल्या. ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात गेला, बंगालची चौथाई म्हणून सालीना बारा लाख ठरले आणि सुवर्णरेखा नदी ही सरहद्द झाली.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हे प्रकरण ‘बंगालच्या स्वाऱ्या’ या मथळ्याखाली येते. बंगालीत त्याला ‘बर्गीर हाङ्गामा’ म्हणतात. गंमत अशी की, त्या नावातले दोन्ही शब्द आपल्या घरचे आहेत. बारगीर आपण पाहिलाच. ‘हंगामा’ हा फारसी ‘हंगाम’ या शब्दाचा भाऊ. आणि हंगाम म्हटले की मराठी शेतकऱ्याला ज्वारीचा, आंब्याचा, सुगीचा काळ आठवतो. आपल्या फौजांचाही हंगाम असे. दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्याआधी परत. मोहिमेचा हा हंगाम म्हणजे नेमका बंगालच्या भातकापणीचा हंगाम. येथे जो हंगाम होता, तो तेथे हंगामा झाला.

त्या दिवसांचे वर्णन करणारे एक बंगाली काव्य उपलब्ध आहे. गंगाराम नावाच्या कवीने ते लिहिले आणि त्याचे नाव ठेवले ‘महाराष्ट्रपुराण’. त्याची पोथी मैमनसिंग जिल्ह्यात सापडली. तिच्यावरचा काळ १७५१ चा आहे. आपल्या प्रांताच्या नावाचे पुराण परप्रांतातल्या कवीने लिहिले, आणि ते आपल्या कीर्तीसाठी नव्हे, हे प्रत्येक मराठी वाचकाने एकदा तरी समजून घ्यावे. गंगारामाची मांडणी पुराणाची आहे. पृथ्वीवर पाप वाढले म्हणून शिव नंदीला शाहूराजाकडे पाठवतो आणि बर्गी येतात. म्हणजे ते आधी देवाचे दूत आहेत. पण ते गावे जाळतात, ब्राह्मणांना, वैष्णवांना आणि स्त्रियांना छळतात, तेव्हा देवी त्यांच्यावर उलटते आणि भास्कर मारला जातो. जो खून आपल्या बखरींत विश्वासघात आहे, तो या पुराणात न्याय आहे. वर्धमानच्या राजाच्या आश्रयास असलेल्या बाणेश्वर विद्यालंकार या पंडिताने त्याच सुमारास लिहिलेल्या संस्कृत ‘चित्रचंपू’तही शाहूच्या स्वारांची निर्दयता नोंदली आहे. एक ग्रंथ बंगालीत, दुसरा संस्कृतात. एक लोकांचा, दुसरा दरबारचा. दोघांची साक्ष एकच पडते. ती नाकारण्यात शहाणपण नाही आणि प्रामाणिकपणाही नाही.

गंगारामाच्या काव्यातला सर्वांत जिवंत भाग पळापळीचा आहे. ब्राह्मण पोथ्यांचे भारे घेऊन पळतात, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. ज्याचे जे हत्यार ते त्याच्या खांद्यावर. वाटेत कोणी विचारतो, बर्गी पाहिलेत कोठे? उत्तर मिळते की, डोळ्यांनी कोणी पाहिले नाहीत, सगळे पळत आहेत म्हणून आम्हीही पळतो आहोत. या एका प्रसंगात शब्दाच्या इतिहासाचे मर्म सापडते. रघुजीच्या फौजेत बारगीर होते तसे शिलेदारही होते. पण पळणाऱ्या कोळ्याला घोडा कोणाच्या मालकीचा हे विचारण्याचे काय कारण? नागपूरच्या पागेत ज्या शब्दाला काटेकोर अर्थ होता, तो दामोदर नदी ओलांडताच गळून पडला. उरला फक्त टापांचा आवाज. आणि तो शब्द फौजेच्या पुढे धावू लागला.

कलकत्त्याला तो असाच पोहोचला. तेव्हा ते कंपनीच्या व्यापाराचे गाव होते. गंगेच्या पश्चिम तीरावरून पळून आलेली माणसे रोज तेथे उतरत होती. गावकऱ्यांनी उत्तरेकडून पूर्वेला वळसा घालून दक्षिणेपर्यंत खंदक खणण्याची परवानगी मागितली. नवाबाने ती दिली. कंपनीने पंचवीस हजार रुपये उसने दिले. सुमारे सात मैलांचा खंदक योजला होता. सहा महिन्यांत तीनएक मैल खणून झाला आणि काम थांबले, कारण बर्गी आलेच नाहीत. ते हुगळीपर्यंत आले होते. पण खंदकाच्या काठी मराठी घोडा कधी उभा राहिला नाही. कलकत्त्याने तीन मैल लांबीचा खंदक खणला, तो एका शब्दाविरुद्ध. पुढे १७५६ साली सिराज-उद्दौला खराखुरा चालून आला, तेव्हा त्या अर्धवट खंदकाने त्याला अडवले नाही. इंग्रजीत मात्र कलकत्तेकरांना ‘डिचर’, म्हणजे खंदकवाले, असे थट्टेचे नाव दीर्घकाळ राहिले. १७९९ साली खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्या रेषेवर सर्क्युलर रोड तयार झाला. आज त्या रस्त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस या दोन शास्त्रज्ञांची नावे आहेत. मराठ्यांच्या भयाच्या रेषेवरून आता ट्रामगाड्यांच्या आणि विज्ञानाच्या आठवणी जातात.

पण भयाचा शब्द बुजला नाही. मग बंगालने आपल्याशी स्नेह कसा केला? याचे उत्तरही शब्दांतच आहे. बंगालीत ‘बर्गी’च्या शेजारी हळूहळू दुसरा शब्द उभा राहिला : ‘मराठा’. रमेशचंद्र दत्तांनी १८७८ साली शिवकालावर ‘महाराष्ट्र जीवनप्रभात’ ही कादंबरी लिहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू झाला आणि १९०६ च्या उत्सवाला लोकमान्य टिळक स्वतः गेले. या कामात ज्याचा मोठा वाटा होता तो माणूस जन्माने मराठी होता आणि लेखणीने बंगाली : सखाराम गणेश देऊस्कर. देवघरजवळच्या एका खेड्यात १८६९ साली त्यांचा जन्म झाला. त्यांच्या ‘देशेर कथा’ या १९०४ च्या पुस्तकाने स्वदेशीच्या काळात बंगाल पेटवला आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. शिवाजी महाराजांवर त्यांनी बंगालीत लिहिले आणि त्याच १९०४ साली रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता रचली. ज्या भाषेच्या अंगाईत बर्गी आहेत, त्याच भाषेच्या सर्वश्रेष्ठ कवीने शिवरायांना वंदन केले.

यावरून कोणी म्हणेल की, झाले ते फिटले. मला तसे वाटत नाही. बंगालने बर्गी आणि शिवाजी हे दोन शब्द दोन ओळींत ठेवले, कोशकार सारख्या दिसणाऱ्या शब्दांना वेगवेगळे क्रमांक देतो तसे. बरगा, बर्ग आणि बर्गी यांची कुळे वेगळी आहेत, म्हणून त्यांना वेगळे ठेवणे सोपे होते. येथे कूळ एकच होते. दोन्ही घोडे एकाच डोंगरातून निघाले होते. तरीही एकासाठी दुसऱ्याला दोष न देणे आणि दुसऱ्यासाठी पहिल्याला न विसरणे, हे बंगाली मनाने साधले. आपण मात्र बहुधा एकच ओळ वाचतो. अटकेपार गेलेल्या घोड्यांचा आपल्याला अभिमान आहे. ते घोडे ज्यांच्या भातखाचरांतून गेले, त्यांच्याकडे त्या घोड्यांचे नाव काय होते, हे आपण विचारत नाही.

बारगीर म्हणजे ओझे घेणारा. शब्दाचा हा पहिला अर्थ फारसीत राहिला आणि वाटेत सगळे तो विसरले. बागबाजारातल्या त्या गल्लीत उभे राहणाऱ्या मराठी माणसाने तो आठवावा. पराक्रमाचा वारसा आपण घेतलाच आहे. त्या पाटीवर लिहिलेले थोडे ओझेही आपल्याच खांद्यावर आहे.